दहा मिनिटांत उतरलेले गीत

प्रश्न : आमच्या चर्चमधील तरुणांनी गिटार, कीबोर्ड आणि ड्रम्स घेऊन एक बँड उभा केला आहे. मर्सीमी या अमेरिकन ख्रिस्ती बँडचे ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’ हे गीत दहा मिनिटांत लिहिले गेले, असे वाचनात आले. आमचे मराठी गीत मात्र ध्रुवपदापुढे सरकत नाही. अशी गीते घडतात तरी कशी?
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : मर्सीमीचे गायक बार्ट मिलार्ड यांचे वडील १९९१ मध्ये कर्करोगाने गेले. त्यांना आता काय दिसत असेल याची आपण केवळ कल्पनाच करू शकतो, अशा आशयाचे आजीचे उद्गार मिलार्ड यांच्या मनात घर करून राहिले आणि हाती येईल त्या कागदावर ते तेच शब्द लिहीत राहिले. १९९९ मध्ये ‘द वर्शिप प्रोजेक्ट’ या अल्बमसाठी एक गीत कमी पडत असताना जुन्या वहीत ते शब्द पुन्हा समोर आले, तेव्हा कुठे ती दहा मिनिटे उगवली.

चाल मात्र इतक्या सहजी सापडली नाही. जलद लयीत गीत बसेना. कीबोर्डवादक जिम ब्रायसन यांच्या संथ पियानोवर ते स्थिरावले. सुरुवातीला पियानो आणि आवाज यांनाच मोकळी जागा दिली आहे, हे कान देऊन ऐकावे.

आपली अडचण मला शब्द आणि चाल यांच्या सांध्यात दिसते. इंग्रजी चाल मनात धरून मराठी शब्द भरले, की ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर येतो आणि ‘कृपा’ची ‘क्रूपा’ होते. असे गीत ओठांवर रुळत नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाची वाट धरली, आणि माझ्या मते मराठी ख्रिस्ती गीताला त्याहून मोठी देणगी मिळालेली नाही. मोठ्या अभंगातील सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची चरणरचना आपल्या ध्रुवपदाला लावून पाहावी. वाद्ये बाजूला ठेवून ओळी आधी मोठ्याने म्हणाव्यात, आवाज आपसूक जिथे थांबतो तिथेच कॉर्ड बदलावा आणि ड्रमवादकाने पहिले कडवे संपेपर्यंत हात आवरावा.