पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही, टीसीने दंड घेतला

प्रश्न : ठाण्याहून दादरला जाताना ॲपवर लोकलचं तिकीट काढलं. यूपीआयने पैसे गेले, पण तिकीट आलंच नाही. येईल म्हणून गाडीत चढलो. बँकेचा मेसेज दाखवूनही टीसीने भाडं आणि वर २५० रुपये घेतले. हे कायद्याला धरून आहे का?

उत्तर : मनाला पटणार नाही, पण टीसीचं चुकलं नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ५५ प्रमाणे तिकीट किंवा अधिकृत कर्मचाऱ्याची परवानगी असल्याशिवाय डब्यात बसता येत नाही. बँकेचा मेसेज म्हणजे तिकीट नव्हे. तिकिटाचा स्क्रीनशॉटसुद्धा चालत नाही. ते ॲपमध्येच उघडून दाखवावं लागतं.

मात्र पावती नीट वाचा. कलम १३८ लिहिलं असेल तर ते २५० रुपये म्हणजे विनातिकीट प्रवासाचा जादा आकार आहे. कलम १३७ फसवणुकीचं आहे, त्यात हेतू सिद्ध व्हावा लागतो. तुमचे पैसे प्रवासाआधीच गेले होते, त्यामुळे तसा आरोप टिकणं अवघड. 'कुठून' या रकान्यात ठाणेच आहे ना, तेही पाहा. चढल्याचं स्टेशन सिद्ध झालं नाही, तर भाडं गाडी सुटल्याच्या स्टेशनापासून धरता येतं.

२५० रुपये परत मिळण्याची आशा धरू नका. त्यासाठी वकिलावर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कलम ५५(२) खाली परवानगीचा दाखला आधी घेतला असता तर हा आकार लागलाच नसता, पण गर्दीच्या वेळी लोकलमध्ये तो मिळवणार कोण? तिकीट स्क्रीनवर दिसलं नाही तर खिडकीवर किंवा एटीव्हीएमवर (स्टेशनवरच्या तिकीट यंत्रावर) दुसरं काढणं, हाच खरा मार्ग.

अडकलेलं भाडं मात्र सोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराकडे (इथे रेल्वेकडे) पैसे पोचल्याची खातरजमा झाली नसेल, तर यूपीआयची रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून ॲपमधल्या व्यवहाराच्या नोंदीचा फोटो आणि १२ आकडी यूटीआर क्रमांक (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) आजच जपून ठेवा. बँकेत लेखी तक्रार करा, 'रेलमदद' या रेल्वेच्या तक्रार सेवेवरही नोंदवा. रेल्वेने पैसे मिळाल्याचं मान्य केलं, तर मागणी रेल्वेकडे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही.