मुलाला याट रेसला जायचंय, एफडी मोडू का?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतरांसाठी थोडक्यात सांगतो: तुम्ही चिपळूणचे, मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीत गोव्याला जाऊन डिंगी सेलिंग (छोटी शिडाची होडी चालवणं) शिकला आणि आता त्याला क्लिपर राऊंड द वर्ल्ड या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणेच्या रेसला क्रू म्हणून जायचंय, त्यासाठी एमएससाठी ठेवलेली एफडी मोडा म्हणतो. घरात अबोला आहे, आणि तुम्ही मला विचारताय की हे करिअर आहे का नुसतं खूळ.

आधी एफडीचं सांगून टाकतो, मोडू नका. क्लिपर वाईट आहे म्हणून नाही हं. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी सुरू केलेली रेस आहे, १९९६ पासून चालू आहे, ७० फुटी बोटी, साधारण ४०,००० सागरी मैल, जवळजवळ अकरा महिने. आधीचा अनुभव नसला तरी घेतात पण ट्रेनिंगचे चार टप्पे पूर्ण केल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. पण तिथे पगार मिळतो तो स्किपरला (कप्तानाला) आणि फर्स्ट मेटला (त्याच्या दुय्यमाला), बाकी सगळा क्रू खिशातले पैसे घालून आलेला असतो, डॉक्टर, शिक्षक, रिटायर्ड लोक, आणि अख्ख्या फेरीचा खर्च आपल्या रुपयात अर्ध्या कोटीच्या घरात जातो. म्हणजे तिथे तो गिऱ्हाईक आहे. पुढेमागे स्वतः कमावून एखादा लेग, म्हणजे फेरीचा एक टप्पा, केला तर माझी काही हरकत नाही, वडिलांच्या एफडीवर मात्र नको.

आता करिअरचं. लांब पल्ल्याच्या रेसमध्ये पैसे घेऊन सेलिंग करणारे लोक आहेत पण फार थोडे, आणि बहुतेक फ्रीलान्स, दिवसाच्या रेटवर. पक्का पगार कोणाला असतो, तर बोट सांभाळणाऱ्याला, डोलकाठी-दोरांचं काम बघणाऱ्या रिगरला, शिडं शिवणाऱ्याला, कार्बन फायबरचं काम जाणणाऱ्याला, कारण रेस चालते काही दिवस आणि तयारी चालते वर्षभर. डोलकाठी उतरवून एकेक पिन तपासायची, शिडं दुरुस्तीला पाठवायची, लाइफराफ्टची (जीव वाचवायच्या तराफ्याची) सर्व्हिसिंग, स्पेअर पार्टची यादी, जेवण दिवसागणिक वेगळ्या पिशव्यांत भरायचं आणि वजन कमी करायचं म्हणून खोकी, वेष्टनं सगळं किनाऱ्यावरच टाकून द्यायचं. बोटीवर डिझेल जनरेटर असतो, समुद्राचं पाणी गोडं करणारा वॉटरमेकर असतो, हायड्रॉलिक्स असतं, आणि अर्ध्या महासागरात वॉटरमेकर बसला तर मेकॅनिक बोलवायला कुठे जाणार? तिथे तुमच्या मुलाचं मेकॅनिकल कामाला येतं. शीड ओढायला दणकट पोरं खूप मिळतात हो, जनरेटर उघडून परत चालू करणारा आणि वर वॉचची पाळीही करणारा माणूस स्किपरला हवा असतो. म्हणून डिग्री अर्धवट सोडायची भाषा तो करत असेल तर त्याला हे वाचायला द्या.

आणि बोटीवरचं जगणं त्याला माहितीय का, हे विचारा. चार तास वर, चार तास खाली, असं रात्रंदिवस. खाली आलास की ओले कपडे काढायचे आणि दुसऱ्याने नुकत्याच सोडलेल्या बंकमध्ये शिरायचं, बोट एका अंगावर कललेली त्यामुळे नुसतं संडासला जाणं म्हणजे कसरत, आंघोळ नाही, आणि डोळा लागतो न लागतो तोच रीफ घ्यायला (वारा वाढला की शीड आखूड करायला) सगळ्यांना वर बोलावतात. लोक मोडतात ते लाटांनी कमी आणि एकमेकांच्या वैतागाने जास्त, असं माझं मत आहे. डिंगीत दोन तास मजा येते त्यावरून यातलं काही कळत नाही, हॉस्टेलच्या मेसमध्ये तो कसा वागतो त्यावरून जास्त कळेल (थट्टा नाही करत).

धोक्याचं तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, धोका खरा आहे. १९९८ च्या ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-होबार्ट रेसला ११५ बोटी निघाल्या, वादळातून ४४ पोचल्या, सहा जण गेले. त्यानंतर सुरक्षेचे नियम खूप कडक झाले. पाण्यात उलटलेला राफ्ट सरळ करणं, फ्लेअर (मदतीसाठीचा इशारा) पेटवणं, डेकवर स्वतःला टेदरने (सुरक्षा दोराने) अडकवून ठेवणं, हे सी सर्व्हायव्हल कोर्समध्ये करून घेतात. हा कोर्स त्याने सगळ्यात आधी करावा, याचे पैसे तुम्ही खुशाल द्या.

तर आता काय करायचं. एक, डिग्री पूर्ण. दुसरं, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मुंबईत सेलिंगचा सीझन सुरू होतो, मे पर्यंत चालतो, गेटवेसमोर रॉयल बॉम्बे याट क्लबच्या सीबर्ड बोटींच्या रेस असतात, तिथे जाऊन क्रूची जागा रिकामी आहे का विचारत राहायचं, मेंबरशिप महाग आहे पण वेळेवर येणारा क्रू हवाच असतो. सुट्टीत गोव्यात दिवाडीच्या अक्वेरियस शिपयार्डसारख्या ठिकाणी इंटर्नशिप मिळते का बघा, नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या शिडाच्या बोटी दोन्ही तिथेच बांधल्या. तारिणीवर सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये २५४ दिवसांत जगप्रदक्षिणा करून आल्या हे तुम्ही पेपरात वाचलं असेलच, तीच बोट २०२३ ला केपटाऊन ते रिओ रेसला पण उतरली होती. यावरून आठवलं, इंजिनिअर होऊन नौदलात अधिकारी झाला तर ओशन सेलिंगला नाव देता येतं, स्वतःचा पैसा न घालता महासागर बघायचा आपल्याकडे याहून सरळ रस्ता मला तरी दिसत नाही. फक्त निवड होईलच असं नाही, आणि नौदलात जायचं तर नौदलासाठी जावं.

ते नको असेल तर मेकॅनिकलनंतर एक वर्षाचा जीएमई (मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स) करून मर्चंट नेव्हीत जाता येतं. चार-सहा महिने जहाजावर, मग मोठी सुट्टी, पगार बरा, त्या सुट्टीत आणि त्या पैशात याटमास्टर ऑफशोअर या याट चालवायच्या सर्टिफिकेटकडे जायचं. त्याला समुद्रावरचे ५० दिवस आणि २,५०० मैल लागतात, शिवाय व्हीएचएफ रेडिओ आणि फर्स्ट एडची सर्टिफिकेटं. एवढं हातात असलं की परदेशातल्या बोटींवर डिलिव्हरीचं काम मागता येतं, म्हणजे रेस संपल्यावर बोट परत नेऊन पोचवायची, आणि रेस क्रूची ओळख बहुतेक तिथूनच होते.

डिलिव्हरीच्या कामात कधी फक्त तिकीट आणि जेवण मिळतं, कधी पैसे, ते आधी लेखी ठरवून घ्यायचं. मुलाला मला थेट लिहायला सांगा, आणि लिहिताना गोव्यात त्याने बोटीवर स्वतःच्या हाताने काय काय दुरुस्त केलं तेवढंच आधी लिही म्हणावं.