ब्लेडची धार: टोक आणि त्यामागचा कोन

प्रश्न (पंचवटी, नाशिक): दोन कंपन्यांची दाढीची दुधारी ब्लेडं जाडीला सारखीच. मग एक सहज फिरतं आणि दुसरं केस ओढतं, ते का?

उत्तर: जाडी सारखीच असते, साधारण ०.१ मिलिमीटर. खरा फरक कडेच्या शेवटच्या काही मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडतो. ही कड एकाच उतारात घासलेली नसते. मागे निमुळता उतार, टोकाशी जरा उभा, असे दोन-तीन टप्पे असतात. टोक जितकं बारीक तितका केसात शिरायला जोर कमी लागतो. पण त्यामागचा कोन फारच अरुंद ठेवला, तर राठ दाढीपुढे ते पातळ पोलाद टिकत नाही. कोन रुंद केला की धार दमदार होते, मात्र लाकडात पाचर ठोकावी तशी ती केस फाकवत जाते. तीच तुम्हाला जाणवणारी ओढ. त्यात धारेवर टेफ्लॉनचा, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतो तसा गुळगुळीत, थर असतो. तो नीट नसेल तर उत्तम धारही ओरबाडते. म्हणून ‘धारदार’ आणि ‘मऊ’ हे गुण वेगळे तपासा. फेदर या जपानी कंपनीचं ब्लेड धारेसाठी नावाजलेलं आहे, पण नाजूक त्वचेला ते मी पहिल्यांदा सुचवणार नाही.

प्रश्न (सातपूर): पोलाद केसापेक्षा कितीतरी कठीण. तरी धार जाते कशी?

उत्तर: अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून धारेला तिरका भिडला आणि नेमका तिथेच पोलादाचा कच्चा भाग असला, की टवका निघतो. दाढी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजवा. ओला केस कमी जोरात कापला जातो. नाशिकच्या थंडीत हे भिजवणं घाईत अजिबात उरकू नका.

प्रश्न (नाशिकरोड): रामकुंडावर नाभिकदादांनी ब्लेड कागदासकट मोडून अर्धं वस्तऱ्यात घातलं. त्याची धार जास्त वाटली.

उत्तर: धार तीच. सेफ्टी रेझरमध्ये ब्लेड वाकवून आवळलेलं असतं आणि कोन रेझरच ठरवतो. वस्तऱ्यात तो मनगट ठरवतं, त्यामुळे सरावलेल्या हातात तेच ब्लेड जास्त सफाईने चालतं. ब्लेड मात्र तुमच्यासमोर नवंच मोडलेलं हवं, हा आग्रह सोडू नका.

प्रश्न (सिडको): दाढीनंतर ब्लेड टॉवेलने पुसावं का?

उत्तर: नको. धुवा, झटका आणि वाळू द्या.