लठ्ठपणाच्या बातमीला डोकं कापलेलेच फोटो का लावतात?

तुम्ही विचारलंय की लठ्ठपणाच्या बातमीत कायम डोकं नसलेलं पोट का दिसतं, आणि उपाशी राहून आजारी पडलेल्या मुलींच्या बातम्या मात्र एवढ्या हळव्या का असतात. पहिल्याचं उत्तर सोपंय, असा फोटो पटकन मिळतो आणि कोणाला विचारावं लागत नाही. ४ मार्चला जागतिक लठ्ठपणा दिन असतो, पान भरायचं असतं, मग फोटोग्राफर ट्रॅकवर जाऊन मागून चार क्लिक मारतो, मानेवर कापतो, झालं काम. वर म्हणायचं ओळख लपवली.

कसली लपते ओळख! माझ्या ताईचा असाच फोटो आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर काढला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात, हेडिंगमध्ये शहराला लठ्ठपणाचा विळखा वगैरे. तोच मोरपंखी कुर्ता, तीच खांद्यावरची पर्स, सकाळी नऊच्या आत तिच्या ऑफिसमधल्या तिघींनी फोटो पाठवून "अगं ही तूच ना?" मी त्या पेपरच्या ऑफिसात फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणतो, मॅडम चेहरा कुठे दाखवलाय. म्हणजे डोकं कापलं की बाईला विचारायची गरजच संपली! डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती रोज इंदिरानगरहून उठून तिथे चालायला जात होती, त्या दिवसापासून बंद. लोकांनी चालावं म्हणून छापलेल्या बातमीने चालणारीला घरी बसवलं.

आणि बातमीत काय, तर वडापाव, मिसळ, मोबाइल, आळस. ताई दिवसभर जवळजवळ काही खायची नाही. रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभं राहून शिळ्या पोळ्या, चिवडा, जे हाताला लागेल ते भराभर, पोट दुखेपर्यंत, आणि मग रडणं. हा बिंज ईटिंग डिसऑर्डर, २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या डीएसएम-५ या आजारांच्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून आहे. हे आम्हाला पेपरातून नाही कळलं, कॉलेज रोडच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं.

तुमच्या दुसऱ्या भागावर अमेरिकेत अभ्यास झालाय, २०१० चा, ॲबिगेल सॅगी आणि कर्स्टिन ग्रुइस या दोघींचा. न्यूयॉर्क टाइम्स आणि न्यूजवीकच्या १९९५ ते २००५ मधल्या बातम्या तपासल्या. ॲनोरेक्सियावाली, म्हणजे उपाशी राहून आजारी पडलेली मुलगी बिचारी, समाजाचा दबाव, मेंदूतली कारणं, सगळं समजून घेतलेलं. जाड माणूस मात्र स्वतःच जबाबदार, आणि बिंज ईटिंगवाल्यांनाही आजारी न म्हणता तोंडावर ताबा नसलेल्यांत ढकललेलं. आपल्याकडचा असा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण आमच्या घरात अगदी हेच झालं. चुलत बहीण बारावीत जेवण सोडून सुकली तर अख्खं घर तिच्या उशाशी, आणि ताईला मात्र "जरा कंट्रोल कर".

आमच्या काकांनी ते कात्रण फॅमिली ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं बघा जरा. मी बोलले तर म्हणाले खोटं काय आहे त्यात, वजन आहेच ना जास्त. काका, वजन खोटं आहे असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. वजनाचं कारण खोटं छापलंय आणि तिला न विचारता छापलंय, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे. लाज वाटून वजन उतरत असतं तर आपल्या घरात ताई सगळ्यात बारीक असती.

हां, सगळे पत्रकार असे नसतात, आणि धोका खराच आहे, भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात कारण आपल्याला डायबिटीस कमी वजनातच गाठतो. त्या बातम्या यायलाच हव्यात. फक्त फोटो विचारून घ्या, आणि माहिती वजन कमी करायचं पॅकेज विकणाऱ्या क्लिनिकवाल्याकडूनच घेऊ नका.

तुमच्या घरच्या कोणाचा फोटो असा आला असेल तर आधी संपादकांना लेखी कळवा, दाद नाही मिळाली तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, दैनिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. आम्हाला हे उशिरा कळलं, मुदत गेली होती. काका मात्र ते कात्रण ग्रुपवरून आजही काढू शकतात.