भीड खालीच ठेवून जा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. टायर कुठले घ्यावेत, पुढच्या चाकाच्या फोर्कला १२० मिलिमीटर ट्रॅव्हल (धक्क्यानं दबायची जागा) पुरेल की १४० हवं, टायर ट्यूबलेस, म्हणजे आतल्या ट्यूबशिवायचे, करावेत का, यावर दोन पानं लिहिलीस. आणि ज्यांच्याबरोबर तू साडेतीन हजार मीटरवर सायकल चालवणार आहेस त्यांच्याबद्दल एकच ओळ: सगळे फिट आहेत आणि घट्ट मित्र आहेत. टायरबद्दल लिहीनच. पण मला काळजी वाटली ती त्या ओळीची, म्हणून आधी तिच्याबद्दल.

समुद्रसपाटीवर हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि ३,५०० मीटरवरही तितकाच असतो. घटतो तो हवेचा दाब. तिथे तो खालच्या दाबाच्या जेमतेम ६५ टक्के उरतो, आणि फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलायचं काम हा दाबच करतो. साधारण १,५०० मीटरच्या वर दर १०० मीटरमागे शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सुमारे एक टक्क्यानं उतरते. म्हणजे तुमच्या खिंडीपाशी पोचेपर्यंत पाचवा हिस्सा गेलेला असेल. ही कपात सगळ्यांनाच लागू. पण उंची कुणाला बाधणार हे तुमच्या व्यायामावर ठरत नाही. रोज शंभर किलोमीटर तुडवणारा आडवा होतो आणि त्याच्या मागून धापा टाकत येणारी मैत्रीण मजेत असते. खरं तर दमदार गड्याला धोका जरा जास्तच: तो जोर लावून चढतो, लवकर वर पोचतो, आणि आपल्याला काही होईल हे त्याच्या मनातही येत नाही.

शरीर हळूहळू रुळतं, त्याला रात्री द्याव्या लागतात. ३,००० मीटरच्या वर गेलात की निजण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढा. दिवसा वर जाऊन खाली येऊन निजलात तर चांगलंच. सायकलवाल्यांचा घोळ बहुतेक वेळा गाडीमुळे होतो. सायकली टपावर बांधायच्या, एका दिवसात गाडीनं थेट सुरुवातीच्या मुक्कामी जायचं आणि दुसऱ्या सकाळी पायडल मारायला लागायचं. चढ अंगानं चढला नाही म्हणून तो मोजलाच जात नाही. बॅटरीच्या सायकलीचंही तेच. पायांना चढ कळत नाही, फुप्फुसांना कळतो.

आता त्या घट्ट मैत्रीबद्दल. उंची बाधायला लागते ती साधारण पोचल्यावर सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकी संध्याकाळी, मुक्कामावर, सगळे रंगात आलेले असताना. डोकं ठणकतं, अन्नावरची वासना जाते, मळमळतं, उभं राहिलं की गरगरतं. आणि ज्याला हे होतंय तो मूग गिळून बसतो. वर्षभर ठरवलेली सहल, प्रत्येकानं महत्प्रयासानं काढलेली रजा, आपल्या एकट्यापायी सगळ्यांचा विरस कशाला? मग तो कारणं शोधतो: हेल्मेट घट्ट होतं, ऊन लागलं, पाणी कमी पडलं, रात्री झोप नव्हती. परक्या माणसांबरोबर असता तर कदाचित बोलला असता. मित्रांपुढे भिडेपोटी दुखणं अंगावर काढतो. खाली एरवी हे चालून जातं, वर चालत नाही. उंचीवर डोकं दुखलं तर ते उंचीमुळेच, असं धरून चाला. दुसरं कारण निघालं तर आनंदच आहे.

म्हणून रोज संध्याकाळी विचारपूस करायची, आणि ती नीट करायची. "बरा आहेस ना?" हा प्रश्न उपयोगाचा नाही, त्याला "हो" खेरीज उत्तरच नसतं. डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, चक्कर येते का, असं एकेक विचार. आणि सुरुवात स्वतःपासून कर. तुमच्यातला सगळ्यात तगडा कोण असेल त्याला आधी बोलायला लाव: काल रात्री माझं डोकं जड होतं, आज चढावर मला दोनदा उतरावं लागलं. तो बोलला की बाकीच्यांची जीभ सुटते. लक्षणं सौम्य असतील तर त्याच उंचीवर थांबा, दुसऱ्या दिवशी वर जाऊ नका. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत माणूस ठीक होतो. थांबूनही वाढत गेली तर खाली.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र सकाळची वाट बघायची नाही. एक, तोल. जमिनीवर सरळ रेघ ओढून तिच्यावरून टाचेला पाऊल लावत चालायला सांग. माणूस भेलकांडला, असंबद्ध बोलायला लागला, तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता आहे. दोन, बसल्याजागी लागणारा दम. विश्रांती घेऊनही धाप जात नाही, खोकला सुटलाय, ओठ-नखं निळसर दिसतायत, तर फुप्फुसात पाणी साठत असू शकतं. हे बरेचदा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री होतं. दोन्हींवर पहिला इलाज खाली उतरणं हाच, अंधार असला तरी. ऑक्सिजन आणि औषधं मिळाली तर द्या, पण त्यांच्यासाठी उतरणं लांबवू नका. आणि अशा माणसाला सायकलवर बसवून उतारावर सोडायचं नाही. ज्याला सरळ रेघेवर चालता येत नाही तो वळण काय घेणार? त्याला गाडीनं न्या, उचलून न्या, नाइलाजच असेल तर दोघांनी धरून चालवत न्या. एकटं मागे ठेवायचं नाही, एकटं खालीही पाठवायचं नाही.

हे सगळं निघण्यापूर्वी कागदावर लिहून प्रत्येकाकडून होकार घ्या. वर गेल्यावर ठरवू, असं म्हणू नका. १८७५ साली फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे सोबती सुमारे ८,००० मीटरवर गेले: गॅस्तों तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. ऑक्सिजन त्यांच्याजवळ होता, पण घ्यायची वेळ आली तेव्हा हात हलेनात. तिसांदिए तेवढा जिवंत परतला. त्यानं नंतर लिहिलं की त्या अवस्थेत त्रास असा होतच नाही, उलट आतून आनंद वाटत राहतो. तुम्ही त्याच्या निम्म्या उंचीवरही नसाल. पण विरळ हवेत पहिल्यांदा जाते ती आपलं काहीतरी बिघडलंय हे कळण्याची शुद्ध, आणि तिची सुरुवात बरीच खालून होते. एकानं जरी "खाली जाऊ" म्हटलं तर वाद घालायचा नाही, हे कलम त्या कागदावर असू दे.

उंची बाधू नये म्हणून घेतात त्या अ‍ॅसिटाझोलामाइड या औषधाबद्दल तू विचारलंस. त्यानं शरीर रुळायला मदत होते. पण घ्यायचं का आणि किती, हे तुझ्या डॉक्टरांना विचार. ते घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य. रक्तातला ऑक्सिजन मोजणारं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्यायचं तर ने, पण गार बोटावर ते काहीही आकडा दाखवतं, आणि मित्रांनी आपापल्या आकड्यांची शर्यत लावली की त्याचा उपद्रवच जास्त. रात्री शेजारच्याचा श्वास दहा-पंधरा सेकंद थांबतो आणि मग एकदम जोरात सुरू होतो, हे ऐकून घाबरू नकोस. उंचीवर झोपेत श्वासाची लय अशी तुटते. एवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही.

चालवण्याबद्दल थोडं. खाली ज्या चढावर तू उभा राहून जोर मारतोस तिथे वर उतरून सायकल ढकल. वीस सेकंदांच्या जोराची फेड करायला तिथे कित्येक मिनिटं लागतात, आणि खाली मिनिटभरात परत येणारा दम तिथे येत नाही. बोलता येईल इतक्याच वेगानं चढायचं. मागचं सगळ्यात मोठं चक्र ५१ किंवा ५२ दातांचं असेल तर लाज न बाळगता पहिल्या चढापासून वापर. आणि वळणावर थांबून मित्राची वाट बघायची एक रीत आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते. पुढचे तिघे दहा मिनिटं बसतात, मागचा धापा टाकत येतो, आणि तो आला की सगळे उठून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. शेवटचा आला की घड्याळ तिथून सुरू करायचं. तो म्हणेल "चला, मी तयार आहे." ऐकू नका.

आता टायर. कुठल्या कंपनीचे यावर डोकं शिणवू नकोस, दाबाकडे लक्ष दे. समुद्रसपाटीजवळ २४ पीएसआय भरलेला टायर ३,५०० मीटरवर नेलास तर बाहेरचा दाब घटल्यामुळे तो सुमारे ५ पीएसआय जास्त भरल्यासारखा होतो. थंडी त्यातला काही भाग परत घेते, तरी दगडांवर तो टणक लागतो, उड्या मारतो आणि पकड सुटते. पहिल्या सकाळी मुक्कामावरच दाब मोजून घ्या. फोर्कमधल्या हवेलाही तेवढाच फरक पडतो, पण तिथे मुळातच दाब जास्त असल्यानं फारसा जाणवत नाही. उलट पंक्चर झालं तर हातपंपाला नेहमीपेक्षा बरेच जास्त झटके लागतात, कारण प्रत्येक झटक्यात हवाच कमी येते. ट्यूबलेस करच, पण सोबत ट्यूबही ठेव. प्रत्येकाच्या सायकलचा जादा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो धातूचा तुकडा) जवळ असू दे; तो मोडला आणि दुसऱ्याचा बसला नाही तर उरलेला ट्रेल पायी. पंप आणि हत्यारं नेहमी सगळ्यात मागे असणाऱ्याकडे ठेवायची. पुढे गेलेल्याच्या पिशवीतला पंप मागे पंक्चर झालेल्याच्या काय कामाचा?

ब्रेकचे नवे पॅड टाकून निघ. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नकोस. जोरात दाब, वेग उतरव, सोड, गार होऊ दे. दर १,००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात घामानं भिजलेला अंगरखा आणि उताराचा वारा. खिंडीत पोचल्यावर फोटो नंतर, आधी जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे. आखडलेल्या बोटांनी ब्रेकचा अंदाज येत नाही, आणि पडणारे बहुतेक उतारावरच पडतात, दमलेले असताना, मुक्काम दिसायला लागल्यावर. डोंगरात उन्हाळ्यातली वादळं बहुधा दुपारनंतर येतात, म्हणून उघड्या धारेवरून दुपारपूर्वी खाली आलेलं बरं.

हे पत्र बाकीच्यांनाही वाचायला दे. मग चौघांनी बसून नकाशावर रोजच्या मुक्कामाची उंची लिहा, आणि प्रत्येक मुक्कामाहून लवकरात लवकर खाली नेणारी वाट कुठली तेही. तुझ्या पत्रावरून चौथ्या दिवशी तुम्ही निजायची उंची एकदम ८०० मीटर वाढवताय असं दिसतं. तिथे मध्ये एक मुक्काम बसतो का बघ, आणि तो नकाशा मला पाठव.

तुझा,
जुना सायकलवाला