कॉटन पेपर कोणता घ्यावा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : एप्सन पी ९०० प्रिंटर घेतला आहे. सह्याद्रीतली पावसाळी निसर्गचित्रं आणि काही कृष्णधवल व्यक्तिचित्रं प्रदर्शनासाठी छापायची आहेत. हानेम्युले फोटो रॅग ३०८, त्यांचाच फोटो रॅग बॅरायटा आणि कॅन्सनचा रॅग फोटोग्राफिक यांत गोंधळ होतोय. जास्त जीएसएमचा घेतला की झालं का? (नाशिक)

उत्तर : जीएसएम, म्हणजे कागदाचं चौरस मीटरमागचं ग्रॅममधलं वजन, सगळ्यात शेवटी बघा. ३०८ आणि ३१५ मधला फरक हाताला कळतसुद्धा नाही. आधी ठरवा ते एवढंच, की चित्रातला काळा किती खोल हवा. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, सुती कागदावर काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, किंचित चमक असलेल्या बॅरायटावर ती २.२ च्या पुढे जाते. धुक्यातला घाट, ओली हिरवाई, ढगाळ आकाश यांचा जीव मधल्या छटांत असतो. अशी चित्रं मॅटवर, म्हणजे फोटो रॅग ३०८ किंवा रॅग फोटोग्राफिकवर, शोभतात आणि प्रदर्शनातल्या दिव्यांखाली चमक मारत नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवरचा चेहरा मात्र मॅटवर बसका, करडा दिसतो. तो फोटो रॅग बॅरायटावर किंवा कॅन्सनच्या प्लॅटिन फायबर रॅगवर छापा. हे दोन्ही कागद सुतीच आहेत.

नावावरून मात्र अंदाज बांधू नका. कॅन्सनचा बॅरायटा फोटोग्राफिक आणि हानेम्युलेचा जर्मन एचिंग हे अल्फा सेल्युलोजचे, म्हणजे शुद्ध केलेल्या लाकडी लगद्याचे कागद आहेत. म्हणून ते कमअस्सल ठरत नाहीत. छपाई कशी उठते हे वरचा शाई धरणारा लेप ठरवतो. खालच्या कागदाचं आयुष्य आणि हाताला लागणारा पोत ही कापसाची कामं. दुकानदार ‘शंभर टक्के कॉटन’ असं ठासून सांगतो तेव्हा लेपाबद्दल काहीच सांगत नसतो.

छापताना प्रिंटरच्या सेटिंगमधला कागदाचा प्रकार नीट निवडा, कारण कोणती काळी शाई वापरायची हे त्यावरच ठरतं. मॅट कागदावर चुकून ग्लॉसी निवडलं तर फोटो ब्लॅक वापरली जाते आणि काळा राखाडी येतो. बॅरायटावर मॅट ब्लॅक गेली तर ती लेपात धरत नाही, बोट फिरवलं की काजळीसारखी निघते. कागद कंपनीच्या संकेतस्थळावरून पी ९०० साठीचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) उतरवून घ्या. सोबतच्या सूचनेत कागदाचा जो प्रकार लिहिलेला असतो तोच निवडा आणि ड्रायव्हरमधलं रंगनियंत्रण बंद ठेवा. ते चालू राहिलं तर रंग दोनदा बदलले जातात आणि चेहरे लालभडक येतात.

मोठी प्रत काढण्याआधी (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा या मापात) ० ते ५० पर्यंत ५ च्या टप्प्याने गडद चौकटींची एक पट्टी छापा. अर्धा तास वाळू द्या, मग बघा. ज्या आकड्यापर्यंतच्या चौकटी एकमेकींत मिसळून गेल्या, त्याच्या वर चित्रातले महत्त्वाचे गडद भाग उचला. स्क्रीनचा उजेड चौरस मीटरमागे ८० ते १०० कॅन्डेला ठेवला नाही, तर ‘प्रिंट काळी येते’ ही तक्रार कुठल्याच कागदाने सुटणार नाही.

प्रश्न : जून उजाडला की ३१० जीएसएमच्या कागदावर कडेला शाईचे काळे ओरखडे येतात. उन्हाळ्यात हाच कागद सरळ निघतो. हेड खराब झालंय का? (चिपळूण)

उत्तर : बहुधा नाही. लेप कागदाच्या एकाच बाजूला असतो. कापूस हवेतली ओल पिऊन फुगतो, लेप तेवढा फुगत नाही, त्यामुळे कागद लेपाच्या बाजूला वाकतो आणि कोपरे वर उचलले जातात. शाई उडवणारं हेड कागदावरून मिलिमीटरभर अंतराने फिरत असतं, त्यात हे कोपरे अडकतात. ओरखडा पडतोच, शिवाय हेडला तंतू चिकटून पुढच्या चार प्रती बिघडतात.

खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांवर आणा. कोकणातल्या पावसाळ्यात हे नुसत्या पंख्याने होत नाही. डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड छपाईच्या दोन-तीन तास आधी लावा आणि कागद त्याच खोलीत ठेवा. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो, तो घ्याच. पाकिटातून लागतील तेवढेच कागद काढा आणि पाकीट लगेच बंद करा. वाकलेला कागद तीन इंची नळीवर, लेपाची बाजू बाहेर आणि मध्ये स्वच्छ कागद ठेवून, पंधराएक सेकंद गुंडाळा. जास्त वेळ ठेवलात तर उलटा वाकतो.

यानंतर प्रिंटरकडे वळा. या कागदांची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. ड्रायव्हरमध्ये जाडी ०.१ मिमीच्या एककात विचारली तर ५ टाका आणि प्लॅटन गॅप, म्हणजे हेड आणि कागदाची बैठक यांतलं अंतर, ‘वाइड’ करा. गॅप वाढली की शाईचे थेंब जरा विखुरतात, म्हणून हायस्पीड, म्हणजे दोन्ही दिशांनी होणारी छपाई, बंद ठेवा. वर आणि खाली २५ ते ३० मिमी कोरी जागा सोडा, कारण रोलरची पकड तिथेच सर्वांत सैल असते. एवढं करूनही ओरखडे आले, तर मग हेडचा विचार करा.

कागदाचे खोके जमिनीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. ओल धरलेल्या कापसाला बुरशी लागते आणि तिचे तपकिरी ठिपके जात नाहीत.

प्रश्न : छापल्यावर आठवड्याने गडद आकाशात टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसू लागले. (पणजी)

उत्तर : छापताना कागदावर सुटे तंतू किंवा लेपाचे कण होते. शाई त्यांच्यावर बसली, नंतर ते गळून पडले आणि खालचा कोरा कागद उघडा झाला. सुती मॅट कागदांत हे होतंच, विशेषतः कडा कापलेल्या कागदांत. छापण्याआधी कागद उभा धरून मऊ रुंद ब्रशने, ड्राफ्टिंगचा किंवा बकरीच्या केसांचा चालतो, एकाच दिशेने झाडा, मग रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब लेपावर डाग पाडतो. आहे ती प्रत अगदी बारीक ब्रशने पिगमेंट (रंगकणांची) शाई टेकवून सुधारता येईल. ठिपके दहापेक्षा जास्त असतील तर मात्र नवीच काढा.

प्रश्न : माझ्याकडे एप्सन एल ८०५० आहे. त्यावर सुती कागद वापरू का? (सोलापूर)

उत्तर : पैसे वाचवा. त्याच्या शाया डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, आहेत आणि मॅट ब्लॅक त्यात नाही. छपाई होईल, पण काळा फिका येईल आणि उजेडात रंग कागदाच्या कितीतरी आधी उडतील. डायसाठी चांगला ग्लॉसी किंवा लस्टर फोटो पेपर घ्या. सुती कागद पिगमेंट प्रिंटरवालाच पुरवेल, त्याच्याकडूनच छापून घ्या.

प्रश्न : पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी मिळणारा सुती हातकागद इंकजेटला चालेल का? तोही शंभर टक्के कापसाचाच ना? (कोल्हापूर)

उत्तर : कापूस तोच, पण वर लेप नाही. शाई तंतूंत शिरते, पसरते, रेषा मऊ होतात आणि काळा राखेसारखा येतो. कडांच्या झालरी हेडला घासतात, म्हणून निदान चारही बाजू सरळ कापून घ्या. जाडीही एकसारखी नसते. पुसट, जुनाट परिणामच हवा असेल तर दाबून गुळगुळीत केलेला, ३०० जीएसएमच्या आतला कागद निवडा, नीट झाडा आणि पुढून सरळ मार्गाने भरा. त्यासाठी जुना प्रिंटर वापरलात तर बरं. इंकजेटसाठीचा द्रव लेप ब्रशने आडवा-उभा देऊन सुधारणा होते, पण दोन कागद एकसारखे कधीच येत नाहीत. क्रमांकित आवृत्तीसाठी हा मार्ग नाही.

प्रश्न : ओबीए म्हणजे नेमकं काय? ते नसलेलाच कागद घ्यावा का? (इंदूर)

उत्तर : अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत देणारी रसायनं. कपड्यांच्या पावडरीतही हीच जात असते. त्यांच्यामुळे कागद दिवसाउजेडी लख्ख पांढरा दिसतो. उजेडाने त्यांचा जोर ओसरला की कागद आपल्या मूळ पिवळट रंगावर येतो. कॅन्सनच्या रॅग फोटोग्राफिकमध्ये ती नाहीत, फोटो रॅग ३०८ मध्ये थोडी आहेत. नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली धरा. जितका निळा उजळेल तितकी जास्त. संग्रहालयासाठी किंवा विक्रीच्या आवृत्तीसाठी ओबीए नसलेला घ्या. अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे लावणार असाल तर तसाही त्या पांढरेपणाचा उपयोग संपतो.

प्रश्न : खोकं उघडं होतं, कागद अस्सल आहे का कसं ओळखू? (ठाणे)

उत्तर : ए४ म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. त्यामुळे ३०८ जीएसएमचा एक ए४ कागद सव्वाएकोणीस ग्रॅम भरायला हवा. सोनाराकडच्या काट्यावर दहा कागद एकत्र ठेवा, १९२ ग्रॅमच्या आसपास यायला हवेत. दमट हवेत थोडे जास्त भरतील. १७० भरले तर परत करा. लेपाची बाजू ओळखायला कोपऱ्यावर ओलसर बोट टेकवा. जी बाजू चिकटेल तिच्यावर छापायचं.

प्रश्न : फ्रेम केल्यावर काचेच्या आतून धुरकट पापुद्रा आला. (ठाणे, याच वाचकांकडून)

उत्तर : शाईतले सावकाश उडणारे द्रव काचेवर जमले. प्रत साध्या कागदाखाली निदान २४ तास वाळवा, पावसाळ्यात दोन-तीन दिवस, आणि वरचा कागद मधे बदला. प्रत काचेला टेकू नये म्हणून माउंटबोर्डची खिडकी लावा. मागे सेलोटेप नको. वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने चिकटवा, बाकीच्या बाजू मोकळ्या राहू द्या. आत्ताची फ्रेम उघडून काच पुसली की काम भागेल, प्रतीला काही झालेलं नाही.