लाकडी दस्ता आणि बेडिंग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे रेमिंग्टन 700 आहे, शॉर्ट ॲक्शन, .308. मूळचा प्लॅस्टिकचा दस्ता काढून बाजारातला तयार अक्रोडाचा दस्ता लावला. वरवर अगदी चपखल बसला. पण 100 यार्डांवर आधी दीड इंचात पडणाऱ्या गोळ्या आता तीन इंचांत पसरतात, आणि नळी तापली की उजवीकडे सरकतात. बेडिंग घरी करता येईल का? (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर : करता येईल. बेडिंग म्हणजे ॲक्शन (नळीमागचा धातूचा सांगाडा, ज्यात गोळी आत ढकलणारा बोल्ट सरकतो) दस्त्यात जिथे टेकते ती बैठक इपॉक्सीने भरून घेणे. पण इपॉक्सीचा डबा उघडण्याआधी दोन गोष्टी तपासा. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा, बोल्ट बाहेर काढा, मगच पुढचे काम.

पहिली तपासणी कागदाची. साध्या कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामध्ये घालून दस्त्याच्या टोकापासून चेंबरकडे ओढत न्या. तुमच्या वर्णनावरून ती डाव्या बाजूला कुठेतरी अडेल असे वाटते. तापलेली नळी डाव्या लाकडाला टेकली की उजवीकडे ढकलली जाते. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा. गोल दांडक्याला 80 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून तेवढे लाकूड उतरवा, शेवटी 120 ने साफ करा. चहूबाजूंनी दीड मिलिमीटर मोकळे ठेवा. कागदापुरती फट अक्रोडाला पुरत नाही. दमट हवेत लाकूड रेषांना आडवे फुगते आणि ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात ती फट बुजते.

दुसरी तपासणी ताणाची. रायफल दस्त्याला धरून उभी करा, डायल गेज दस्त्याच्या टोकाला बांधा आणि त्याची सुई नळीवर टेकवा. मागचा स्क्रू घट्ट ठेवून पुढचा सैल करा, मग उलट. काटा 0.002 इंचापर्यंत हलला तर बैठक ठीक आहे. त्याहून जास्त हलला तर स्क्रू आवळताना ॲक्शन वाकते आहे. तयार दस्त्यात हे नेहमी आढळते, कारण यंत्राने कोरलेला खोबण आणि तुमची ॲक्शन तीन-चार ठिकाणीच टेकतात आणि मधले सगळे अधांतरी राहते.

आता बेडिंग. स्क्रूची भोके आधी पाहा. पाव इंचाचा स्क्रू भोकाच्या बाजूंना लागता कामा नये, नाहीतर धक्का लगऐवजी (ॲक्शनखालचा, धक्का दस्त्याला देणारा धातूचा ठोकळा) स्क्रू झेलतो. दस्त्यात ॲल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवती बसणाऱ्या नळ्या) नसतील तर आधी तेच बसवा : सुमारे 14 मिलिमीटर जाडीचे, आतून 7 मिलिमीटर. भोके हातातल्या ड्रिलने पाडू नका, स्टँडवरच्या ड्रिलनेच पाडा. तिरपा पिलर पुढे सगळेच तिरपे करतो. पिलर चिकटवताना ॲक्शन आणि खालची पट्टी दोन्ही जागेवर ठेवा, म्हणजे उंची आपोआप बरोबर येते. ते एक दिवस सुकू द्या.

मग लगच्या आजूबाजूचे आणि मागे टँगखालचे (ॲक्शनच्या मागच्या शेपटीखालचे) लाकूड पटाशीने दोन-तीन मिलिमीटर उतरवा. इपॉक्सीचा पातळ थर ठिसूळ राहतो, त्याला जाडी हवी. दुरुस्तीच्या जागी फिनिश आणि तेलाचा अंश राहू देऊ नका, त्यावर इपॉक्सी धरत नाही.

खरी काळजी घ्यायची ती ॲक्शनवर. ट्रिगर काढा. पिनांची भोके, बोल्ट स्टॉपची फट, मॅगझिनची कड, जिथे जिथे इपॉक्सी शिरून खिळीसारखी अडकेल, ते सगळे शिल्पकामाच्या मातीने भरा आणि सपाट करा. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांवर पाइपला गुंडाळायची जाड टेप लावा. मागचा पृष्ठभाग मात्र उघडा ठेवा. धक्का तिथेच दस्त्याला जातो, म्हणून तिथे धातू आणि इपॉक्सी यांचा पूर्ण स्पर्श हवा. बाकी चारही बाजूंना टेपच्या जाडीइतकी मोकळीक मिळते आणि ॲक्शन पुढे काढता-घालता येते. नंतर रंगहीन बूट पॉलिशचे तीन हात द्या. प्रत्येक हात सुकवून पुसा. लगच्या कोपऱ्यांत काडीला कापूस गुंडाळून पॉलिश पोहोचवा, कोरी राहिलेली जागा तिथेच सापडते.

नळीभोवती दस्त्याच्या टोकाजवळ इन्सुलेशन टेपचे वेढे द्या, नळी खोबणीत मध्यभागी बसेल इतके. मूळ स्क्रूंऐवजी डोकी कापलेले दोन स्टड ॲक्शनमध्ये फिरवा, त्यांनाही पॉलिश लावा. पिलरच्या भोकात ते मध्यात राहावेत म्हणून त्यांवर टेपचे एक-दोन वेढे द्या.

मरीन-टेक्स किंवा डेव्हकॉनचा स्टील पुट्टी प्रकार चालतो. मरीन-टेक्सचा दोन औंसांचा संच एका रायफलीला पुरतो. डेव्हकॉनमध्ये राळ आणि हार्डनर आकारमानाने अडीचास एक. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. प्रमाण चुकले की काही जागी ती च्युइंगमसारखी मऊ राहते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. सावकाश कालवा, घाईने ढवळले की हवेचे बुडबुडे आत राहतात.

लगच्या खोबणीत आधी, मग टँगखाली मसाला भरा, थोडा जास्तच. ॲक्शन टँगकडून टेकवत हळूहळू खाली बसवा. आता कडेने इपॉक्सीची बारीक मण्यांसारखी ओळ सगळीकडून सारखी बाहेर आली पाहिजे. एखादा भाग कोराच राहिला तर तिथे पोकळी आहे. लगेच उचलून मसाला भरा. बाहेर आलेली राळ पांढऱ्या व्हिनेगरने भिजवलेल्या कापसाने पुसा. ॲसिटोन नको, दस्त्याचे फिनिश जाते.

आणि इथेच बहुतेकांची चूक होते : स्क्रू आवळणे किंवा क्लॅम्प लावणे. वाकलेली ॲक्शन जर त्या अवस्थेत इपॉक्सीत गोठली, तर तो ताण कायमचा बसतो. रबरी पट्टी किंवा टेपचे दोन वेढे पुरेत. वजन फक्त ॲक्शनचे आणि पट्टीच्या हलक्या दाबाचे. मग 24 तास हात लावू नका.

काढताना स्टड काढा, मूळ स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि त्यांच्या डोक्यांवर प्लॅस्टिकच्या हातोडीने आळीपाळीने हलके ठोका. जोर लावून नळी वर उचलू नका, टँगमागचे लाकूड चिरते. आली नाही तर रायफल तासभर फ्रीझरमध्ये ठेवा; धातू लाकडापेक्षा लवकर आकसतो, आणि बहुधा सुटते.

मोकळी झाली की टँगच्या मागच्या टोकापाशी एक मिलिमीटर जागा कोरून ठेवा, धक्क्याने टँग लाकडात घुसून फाटू नये म्हणून. मग उघडे राहिलेले सगळे लाकूड, खोबणीचे तळ, मॅगझिनची भोके, बट-प्लेटखालचा आडवा कापलेला भाग, पातळ इपॉक्सीने किंवा फिनिशने बंद करा. आडव्या कापातून ओल सगळ्यात लवकर आत जाते.

पिलर असल्यास स्क्रू 65 इंच-पाऊंडांपर्यंत, नुसत्या लाकडावर 35 ते 40. बसवल्यावर बोल्ट फिरवून पाहा : पुढचा स्क्रू लांब असेल तर तो बोल्टच्या लगला (बोल्टच्या टोकाचे उंचवटे, ॲक्शनखालचा लग नव्हे) टेकतो. मॅगझिन बॉक्स बोटाने किंचित हलला पाहिजे. तो दबला की ॲक्शन पुन्हा वाकते. बोल्टची मूठ लाकडाला लागत नाही, सेफ्टी पूर्ण सरकते, ट्रिगर मोकळा आहे, हे पाहिल्याशिवाय गोळी भरू नका.

प्रश्न : आमच्याकडे .315 ची परवान्याची रायफल आहे. मागचा दस्ता हलतो. स्वतः आवळला तर चालेल का? (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : भारतात शस्त्राची दुरुस्ती हे शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 खाली परवान्याचे काम आहे, तेव्हा ती परवानाधारक गनस्मिथकडेच न्या. परवाना सोबत ठेवा आणि दिल्याची पावती घ्या.

तरी काय चालले आहे ते तुम्हाला माहीत असावे. या रायफलीची घडण ली-एन्फील्डची (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल), दस्त्याचे दोन वेगळे तुकडे. मागचा तुकडा लांब बोल्टने (इथे आवळायचा मोठा स्क्रू, गोळी भरायचा बोल्ट नव्हे) आतून ओढून बसवलेला असतो. जुन्या एन्फील्डमध्ये त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकते. पुढचा भाग जागेवर असताना बोल्ट फिरवला तर पुढच्या लाकडाचा मागचा भाग चिरतो. म्हणून गनस्मिथला आधी पुढचा भाग उतरवायला सांगा. पुढचा भाग ॲक्शनला मागच्या बाजूने टेकतो, त्या दोन गालांची लाकडे दबून गेली असतील तर नवे लाकूड जोडून तिथे घट्ट बैठक द्यायला सांगा. मागचा दस्ता हलत असेल तर ॲक्शनच्या सॉकेटमध्ये काजळी लावून तपासतात : दस्ता बसवून काढला की लाकडावर काळे डाग उमटतात तेवढेच टेकते. अशी उंच ठिकाणे तासून बैठक सारखी करतात. नुसते वॉशर घालून आवळणाऱ्याला थांबवा, ती आवळणी आठवडाभर टिकते.

प्रश्न : .177 च्या स्प्रिंगच्या एअर रायफलला लाकडी दस्ता लावला. स्क्रू सतत सैल होतात. इथेही बेडिंग लागेल का?

उत्तर : सहसा नाही. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन सुटताना एक धक्का आणि थांबताना उलट दिशेने दुसरा, म्हणून पुढचे दोन स्क्रू दोन्हीकडे खेचले जातात आणि त्यांच्याखालचे लाकूड दबत जाते. स्क्रूच्या डोक्याखाली धातूचा वाटीच्या आकाराचा वॉशर बसवा, दबलेली जागा इपॉक्सीने घट्ट करा आणि आट्यांवर निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा एक थेंब द्या. लाल रंगाचा वापरू नका, तो पुन्हा खोलताना स्क्रूचे डोके जाते. पहिल्या 50 गोळ्यांनंतर एकदा तपासून आवळा.